पाटाच्या पाण्यावरचं इंग्रजी

मी आयुष्यभर इंग्रजी क्रियापदं शिकवली. एवढं वाचून कुणी पान उलटणार असेल तर जरा थांबा. या लेखात भांडण आहे, चिखल आहे, आणि आठवला की अजून माझी मान ताठ होते असा एक विजय आहे. व्याकरणही आहे, पण भाजीत मीठ असावं तितकंच.

सध्या मी बारामतीत राहते. सकाळी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मोटरसायकली घरावरून जातात. त्यातला एखादा गाडी हळू करून ओरडतो, "बाई, आमच्या आजोबांना शिकवलंय तुमी!" मी गॅलरीतून विचारते, "पास झाले होते का?" तोवर तो पुढच्या वळणावर पोचलेला असतो. उत्तर बहुतेक वेळा मला ठाऊक असतं, म्हणून मी मनाला लावून घेत नाही.

मी सांगणार आहे ती हकिकत एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली. इंग्रज नुकतेच गेले होते आणि त्यांच्या भाषेचं काय करायचं हे कुणालाच नीट ठरवता येत नव्हतं. शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. अकरावी म्हणजे मॅट्रिक, आणि तिथं इंग्रजी घेतलंच पाहिजे असं नव्हतं. पण कॉलेजात सगळं इंग्रजीतून. म्हणजे ज्याच्या शाळेत इंग्रजी नाही, त्याच्या पोरांनी डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं स्वप्न पाहायचंच नाही. हे कुणी स्पष्ट बोलत नसे, पण अर्थ तोच होता.

पुण्याला बी.टी. ही शिक्षकाची पदवी घेऊन मी इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या कडेला वसलेल्या एका गावात चार-पाच वर्षांपूर्वी निघालेल्या हायस्कुलात रुजू झाले. नोकरी करणारी बाई गावानं पहिल्यांदाच पाहिलेली. पहिला महिनाभर बायका विहिरीवर माझ्याकडं बघून आपापसांत बोलत आणि मी जवळ गेले की गप्प होत. मी तशी गरीब स्वभावाची नव्हते. एकदा सरळ विचारलं, "काय बोलत होता?" एक म्हातारी म्हणाली, "काय न्हाय बाई. तुमी एकट्याच जेवता का, इचारत हुतो." त्या दिवसापासून माझ्याकडं भाकरी यायला लागल्या त्या मी गाव सोडेपर्यंत.

आता आमच्या धंद्यातली मेख सांगते. मराठीत "रामानं गोविंदाला पुस्तक दिलं" हे वाक्य कसंही फिरवा. "पुस्तक दिलं गोविंदाला रामानं" म्हणा. देणारा आणि घेणारा बदलत नाही, कारण 'नं' आणि 'ला' हे प्रत्यय त्यांना चिकटलेले असतात. इंग्रजीत ही सोय नाही. तिथं शब्द कुठल्या जागी उभा आहे त्यावरून त्याचं काम ठरतं. आणि पुढं किती जागा मांडायच्या हे ठरवतं क्रियापद. 'स्लीप'ला पुढं काही लागत नाही. रामा झोपतो, विषय संपला. 'कट'ला एक जागा लागते, काय कापलं त्याची. 'गिव्ह'ला दोन लागतात, कुणाला आणि काय. 'पुट'लाही दोन, पण काय आणि कुठं. अशा जागांवरून क्रियापदांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा एक साचा करायचा, आणि साच्यात शब्द बदलून वाक्यांमागून वाक्यं म्हणून घ्यायची, ही त्या काळातली नवी पद्धत. पुण्याला आमच्या प्राध्यापकांनी ती इतक्या प्रेमानं शिकवली होती की मला वाटलं, आपल्या हाती किल्लीच आली. आता फक्त कुलूप शोधायचं.

कुलूप मिळालं, किल्ली काही फिरेना. मी वीस-पंचवीस साच्यांचा रंगीत तक्ता करून नववीच्या भिंतीवर लावला. पोरांनी तो पाढे पाठ करावेत तसा पाठ केला. वरकुट्याहून पायी येणारी पोरं वाटेनं साचे म्हणत यायची. पिंपळीचा बबन मामाकडं राहून शिकत होता. तो तर झोपेतून उठवला तरी कुठल्या क्रियापदाचा साचा कितवा हे सांगायचा. मी खूश. एक दिवस म्हटलं, "बबन, 'पुट'चं वाक्य कर." तो उभा राहून म्हणाला, "आय पुट द बुक." आणि खाली बसला.

"अरे, कुठं ठेवलंस?"

"ठेवलं की बाई."

"पण कुठं?"

"साचा बराबर सांगितला ना मी? मग आता कुठं ठेवायचं ते तुमीच सांगा."

वर्ग हसला. मला मात्र रडू येईल असं झालं, कारण चूक त्याची नव्हती. नंबर पाठ झाला होता, आणि क्रियापदाला काय हवं असतं हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. आणि आमच्याकडं वेळ नव्हता. मी येण्याआधी मॅट्रिकला बसलेली पहिली तुकडी इंग्रजीत जवळजवळ सगळी आपटली होती. त्यावर शिक्षण खात्यानं कळवलं होतं की दिवाळीनंतर इन्स्पेक्टर येऊन नववीचं इंग्रजी तपासतील, आणि समाधान झालं नाही तर या शाळेत पुढच्या वर्षापासून इंग्रजी बंद. हेडमास्तर सज्जन गृहस्थ. ते मला रोज मधल्या सुट्टीत विचारायचे, "बाई, काय म्हणतंय इंग्रजी?" मी म्हणायचे, "बरं आहे." तेही हसायचे, मीही हसायचे. दोघांनाही खरं ठाऊक होतं.

नववीत चंद्रा नावाची मुलगी होती. तिच्या घरात पूर्वी पुष्कळ मेंढरं होती. आता थोडी उरली होती, ती घेऊन बाप वर्षाचे काही महिने बाहेर असायचा, आणि कालव्याखाली मिळालेला जमिनीचा तुकडा आई नि चंद्रा दोघी कसत. ती लागोपाठ गैरहजर राहिली म्हणून मी तावातावानं तिच्या रानात गेले. पावसानं ओढ दिली होती आणि कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी होती. चंद्रा परकर खोचून, हातात फावडं घेऊन दारं धरत होती.

ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटातून पाणी येतं. ज्या वाफ्याला ते द्यायचं त्याच्या तोंडाशी मातीचा आडोसा असतो, ते दार. ते फावड्यानं फोडायचं, वाफा भरला की माती ओढून बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. बघायला सोपं, पण नजर हलली की पाणी भलतीकडं. मी बांधावरून ओरडले, "चंद्रा, शाळा बुडवून काय चाललंय?" ती मानसुद्धा न वळवता म्हणाली, "थांबा बाई, ह्या वाफ्याला पोचू द्या." आणि मी थांबले. मला थांबवणारी ती पहिली विद्यार्थिनी.

मी चपला हातात घेऊन तिच्या मागं चिखलात उतरले. तिला विचारू लागले, इथं दोन दारं का फोडलीस, तिथं एकच का, त्या कोपऱ्यातल्या बाजरीकडं पाणी का नेत नाहीस? ती म्हणाली, "ती कोरडवाहू हाय बाई. तिला न्हाय लागत." आणि मी तिथंच, घोटाभर पाण्यात, मोठ्यानं हसायला लागले. तिच्या आईला वाटलं, बाईंना ऊन बाधलं.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि नववीला मैदानात नेलं. काठीनं पाट काढला, पुढं वाफे आखले. एकाला कर्ता म्हणून पाटाच्या तोंडाशी उभं केलं. क्रियापद झालेल्याच्या हातात खरं फावडं दिलं. "आता सांगा, 'गिव्ह' किती दारं फोडतो?" पोरं एका दमात ओरडली, "दोन!" "कुठल्या वाफ्यात काय?" "आदी कुणाला, मंग काय!" "आणि 'स्लीप'?" चंद्रा म्हणाली, "कोरडवाहू."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात अकर्मक, सकर्मक, द्विकर्मक हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. कोरडवाहू, एकवाफी, दोनवाफी. 'वी मेड हिम कॅप्टन' हे वाक्य आलं, तेव्हा बबननं जरा विचार केला आणि म्हणाला, "ह्यो वाफ्यात वाफा हाय. 'हिम' आन् 'कॅप्टन' एकच गडी." पुण्याच्या प्राध्यापकांना हे समजवायला एक अख्खा तास लागला होता. पुढं एकदा मी मुद्दाम 'रन' दिलं. माणूस धावतो तेव्हा ते कोरडवाहू, पण तोच माणूस दुकान चालवतो तेव्हाही इंग्रजीत 'रन'च, आणि मग ते एकवाफी. मला वाटलं पोरं गोंधळतील. बबन म्हणाला, "त्यात काय बाई? रान त्येच. औंदा बाजरी, फुडल्या साली ऊस."

चुका पकडायलाही पोरांनी दोन आरोळ्या ठरवल्या. कुणी वाक्य अर्धवट सोडलं की सगळा वर्ग ओरडायचा, "पाणी पोचलं न्हाय!" आणि कुणी नको तो शब्द कोंबला की, "बांध फुटला!" या आरोळ्या शाळेत मावल्या नाहीत. गिरणीत, एस.टी.च्या थांब्यावर, पोरं आपसांत बोलतानाही त्याच ऐकू यायला लागल्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. पंधरा ऑगस्टला तो माझ्या अंगाशी आला.

शाळा समितीचे अध्यक्ष होते तात्या. गावातले सगळ्यात कसलेले बागायतदार, शाळेला जमीन त्यांनीच दिलेली. आवाज असा, की कुजबुज केली तरी कालव्यापलीकडं जावी. झेंडावंदनानंतर ते भाषणाला उभे राहिले. "आपल्या गावाला आमी देणार!" असं म्हणून त्यांनी टाळ्यांसाठी दम घेतला. टाळ्या पडल्या नाहीत. नववीच्या रांगेतून एका सुरात आरोळी आली, "पाणी पोचलं न्हाय!" गावाला काय देणार, हे पोरांना हवं होतं. गाव लोटपोट हसलं. तात्यांचा चेहरा त्यांच्या पटक्यासारखा लाल झाला.

संध्याकाळी समितीच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला. "इंग्रज गेला. त्याची बोली आपण कशाला पाळायची? पोरं उलट बोलाया लागली. बंद करा." मी उभी राहिले. माझा आवाज चढला, हे मला मान्य आहे, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मी म्हटलं, "तात्या, पोरांनी विचारलेला प्रश्न चुकीचा होता का?" हेडमास्तरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. शेवटी असं ठरलं की इन्स्पेक्टरच्या तपासणीपर्यंत थांबायचं. वर्ग पास झाला तर तात्यांनी पुन्हा तो विषय काढायचा नाही, आणि नापास झाला तर मी काही बोलायचं नाही. दुसरी अट मला जास्त अवघड वाटली.

मग आम्ही दिवाळीपर्यंत अक्षरशः घाम गाळला. क्रियापदामागून क्रियापद त्या मैदानातल्या वाफ्यांत उतरवलं. पोरं आता साचा आठवत नव्हती, क्रियापदाकडं बघून त्याला काय लागेल ते विचारत होती. मला पहिल्यांदा रात्री शांत झोप लागायला लागली.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी ठेवणीतलं पातळ नेसून शाळेत गेले, तर वर्गात चार पोरं. गावातल्या दुकानदाराची दोन, टपाल मास्तरांचा मुलगा, आणि एक पाय मुरगळलेला. पाटाला पाणी सुटलं होतं. एरवी ठरल्या दिवशी येणारं पाणी त्या वेळी आधीच सुटलं, आणि सगळी नववी रानात दारं धरायला गेली. ज्यांनी मला दारं म्हणजे काय ते शिकवलं, तीच पोरं आता दारांवर अडकली होती. हेडमास्तर डोक्याला हात लावून बसले. "बाई, साहेब बारामतीहून दहाच्या गाडीनं येताहेत. चार पोरांवर वर्ग पास होत नसतो."

मी पातळ वर खोचलं आणि तडक तात्यांच्या मळ्यात गेले. ते बांधावर उभे राहून गड्यांना हाका मारत होते.

"तात्या, वर्गात चार पोरं आहेत. साहेब यायला निघालेत."

"मंग? पाणी थांबंल व्हय सायबासाठी?"

"पाण्यानं थांबू नये. पोरांच्या हातातली फावडी तेवढी मोठ्या माणसांनी घ्यावीत, दुपारपर्यंत."

"कुणी घ्यायची?"

"तुम्ही सांगाल त्यांनी. आणि पहिलं तुम्ही."

ते माझ्याकडं वळले. "बाई, वर्ग बंद करा म्हणणारा मीच. आन् मीच चिखलात उतरू?"

"हो. तुम्हाला वर्ग हरवायचाय ना? मग हरवा की. पण पोरं आखाड्यात उतरलीच नाहीत आणि तुम्ही जिंकलात, असं गावात कुणाला सांगणार आहात?"

तात्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते राग होता की हसू हे मला कळलं नाही. मग त्यांनी धोतराचा काचा मारला, पटका काढून गड्याच्या हातात दिला, आणि बांधावर चढून असा आवाज टाकला की कालव्याकाठची बगळ्यांची रांग उडाली. "पोरं सोडा रं शाळंला! लहानाच्या हातात फावडं दिसलं तर गाठ माझ्याशी हाय!" एका रानातून दुसऱ्या रानात ती हाक पोचत गेली. म्हातारे उठले, बायका उठल्या. "चंद्रीच्यात कोण हाय? आई एकटीच? चला, तितं मी जातो," असं म्हणून तात्या खरंच तिच्या रानाकडं चालू लागले.

पोरं आली ती तशीच, गुडघ्यापर्यंत चिखल. फरशीवर पावलांचे ठसे उमटले. इन्स्पेक्टर साहेब खुर्चीवर बसले होते. किरकोळ अंगाचे, छत्री मांडीवर, तोंडावर प्रवासाचा कंटाळा. त्यांनी पाय जरा वर घेतले. "ही काय नववी?" हेडमास्तर म्हणाले, "हो साहेब. पाणी सुटलंय." साहेबांनी भिंतीकडं पाहिलं. "तक्ते नाहीत?" मी म्हटलं, "तक्ता बाहेर आहे, साहेब. जमिनीवर."

ते बाहेर आले. पोरांनी भराभर आपापल्या जागा घेतल्या. बबन फावडं घेऊन दारावर. साहेब एकेक क्रियापद सांगत गेले, पोरं वाफ्यात उतरून वाक्यं उभी करत गेली. 'सेंड', 'बाय', 'बिकम', 'शो'. चूक झाली की आरोळी, आरोळी झाली की दुरुस्ती. साहेबांची छत्री एव्हाना बगलेत गेली होती आणि कंटाळा कुठंच दिसत नव्हता. पण ते कसलेले परीक्षक होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, "एक्सप्लेन."

हे क्रियापद आम्ही केलं नव्हतं. साहेबांनी मराठीत अर्थ सांगितला, समजावून सांगणे. अर्थावरून ते 'गिव्ह'चं भावंडच वाटतं, कुणाला आणि काय, दोन वाफे. पण इंग्रजीत ते तसं चालत नाही, 'कुणाला'चा थेट वाफा त्याला नसतो. पदवी घेतलेली माणसंसुद्धा तिथं हमखास घसरतात. परीक्षा चालू असताना मला एक शब्दही बोलायची परवानगी नव्हती. बबननं दोन दारं फोडायला फावडं उचललं.

चंद्रानं त्याचा दांडा धरला. हळू आवाजात म्हणाली, पण मला ऐकू आलं, "थांब. नवं रान हाय. उतार बघितल्याबिगर दार फोडू नगं." मग ती वळली, साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिच्या पायांवरच्या वाळलेल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली, "प्लीज गिव्ह मी वन सेंटेन्स, सर."

हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. ते कुठल्या धड्यात नव्हतं. एका मुलीला काहीतरी हवं होतं, आणि ते तिनं इंग्रजीत मागितलं होतं. आमच्या शाळेत त्या दिवसापर्यंत इंग्रजी म्हटलं जायचं. बोललं गेलं ते त्या क्षणी, पहिल्यांदा.

साहेब जरा पुढं वाकले. मग अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "द टीचर एक्सप्लेन्ड द लेसन टू अस."

चंद्रानं ते ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर एकच वाफा मोठा केला, आणि 'अस'साठी बाजूनं एक वेगळी चारी, म्हणजे छोटा पाट, काढून तिच्या तोंडाशी 'टू' म्हणून एका पोराला उभं केलं. "आता म्हणते," असं म्हणून तिनं आपलं वाक्य केलं, "माय मदर एक्सप्लेन्ड द वर्क टू मी."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हेडमास्तर," ते म्हणाले, "इंग्रजी चालू राहील. मॅट्रिकपर्यंत. मी तसं वर कळवतो." मग माझ्याकडं वळून मराठीत विचारलं, "बाई, माहीत नसेल तर विचारायचं, हे तुम्ही शिकवलंत?" मी म्हटलं, "नाही साहेब. ते तिला शेतात येत होतं. मी फक्त शब्द दिले." आणि हे नम्रपणे म्हटलं असं कुणी समजू नये. मी आनंदानं वेडी झाले होते.

पुढचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. त्या नववीतली बरीच पोरं मॅट्रिकला इंग्रजी घेऊन बसली आणि पास झाली. चंद्रा पास झाली, आणि पुढं स्वतःच शिक्षिका झाली. बबन मात्र नववीनंतर पिंपळीला परत गेला. घरचं रान बघायला दुसरं कुणी नव्हतं. सगळ्यांत आधी त्याला कळायचं, आणि परीक्षेला तो कधी बसलाच नाही. त्याच्या घरी जाऊन भांडायला मी हवं होतं असं मला पुष्कळदा वाटतं. पुढं मी बारामतीला आले, मोठी शाळा, मोठे वर्ग, छापील तक्ते. मैदानात वाफे आखायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही, खेळाचं मैदान खराब होतं म्हणून. तरी मी वर्गात फरशीवर खडूनं पाट काढत राहिले, आणि शिपाई रोज कुरकुरत पुसत राहिला.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. साहेबांची गाडी गेली आणि मी पळतच चंद्राच्या रानात गेले. चंद्रा माझ्या मागं. तात्या पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे होते, उघड्या डोक्यानं, चिखलानं माखलेले. पलीकडं चंद्राची आई बांध सारखा करत होती.

"काय झालं बाई?"

"चालू राहिलं."

ते खूश झाले की नाराज, कळलं नाही. त्यांनी एक दार बुजवलं, दुसरं फोडलं. "कुणाच्या जोरावर?"

"चंद्राच्या."

"काय बोलली ती?"

मी इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, "मराठीत सांगा."

"साहेब, मला एक वाक्य द्या."

तात्यांचं फावडं थांबलं. "म्हंजी मागितलं? उभं राहून?"

"उभं राहून. त्यांच्याकडं बघून."

"आन् दिलं त्यानं?"

"दिलं."

त्यांनी फावडं मातीत रोवलं. मग म्हणाले, आणि मी त्यांचा इतका खालचा आवाज कधी ऐकला नव्हता, "बाई, कालव्याचं पाणी आमच्या रानाला मिळावं म्हणून माझा बा गोऱ्या सायबाच्या तंबूफुडं दिसभर बसून हुता. मी हुतो संगं, एवढासा. सायेब भाईर आला. बा उभा राह्यला, हात जोडलं, आन् तोंडातनं शबुद फुटंना. सायेब घोड्यावर बसून गेला. बा तसाच माघारी आला. त्या दिवसापास्नं मला ती बोली नगो वाटती."

तात्यांनी मान वळवून चंद्राला जवळ बोलावलं. "चंद्रे, सायबाला काय म्हणालीस? माझ्याफुडं म्हण."

ती लाजली, पण तिनं म्हटलं.

"पुन्यांदा म्हण. मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं म्हटलं. आजूबाजूच्या रानांतली माणसं फावडी टेकून बघायला लागली. तात्यांनी चिखलाच्या हातानंच डोळे पुसले, त्यांच्याकडं वळले आणि त्यांचा तो नेहमीचा आवाज कालव्यापलीकडं गेला, "आयकलं का रं? आपल्या पोरीनं मागितलं, आन् सायबानं दिलं!"